पाचवा रकाना

१४ जून

व्याहीबुवांस नमस्कार.

एरवी मी 'सप्रेम नमस्कार' लिहितो. रविवारी जेवणाच्या टेबलावरून उठताना आपण खुर्ची ज्या रीतीने मागे ढकललीत, ती पाहता 'सप्रेम' तूर्त राखून ठेवलं आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचू देण्याची आपली पद्धत नाही.

मुद्दा असा. आपल्या बंड्याला आणि माझ्या चिमीला परदेशी कामाला जायचं आहे. त्या देशाचे आठ प्रांत, आणि प्रत्येक प्रांताला आपापले कारागीर हवे आहेत. नवराबायकोने मिळून एकाच प्रांताकडे अर्ज करायचा, दोघांतल्या एकाने मुख्य अर्जदार व्हायचं आणि निवड झाली की तीन वर्षं त्याच प्रांतात राहायचं. बंड्या लिफ्टची कामं करतो, म्हणून आपण त्याचा अर्ज किनाऱ्याच्या प्रांताकडे घालायला लावलात. त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. किनाऱ्याकडे लिफ्टवाल्यांचे इतके अर्ज गेले आहेत की आता त्यांना मजले कमी पडत असावेत. तिकडून पोचपावतीपलीकडे एक ओळ आलेली नाही.

पठाराच्या प्रांताला मात्र दात बनवणारी माणसं हवी आहेत. चिमी अकरा वर्षं लॅबमध्ये बसून कवळ्या, कॅप आणि ब्रिज बनवते आहे. पठारावर सात महिने थंडी असते हे मान्य. पण दात थंडीतही पडतातच. येत्या नऊ नोव्हेंबरला तिला तेहतीस पूर्ण होतील. त्याआधी निवड झाली नाही तर वयाचे गुण कमी होऊन हेही दार बंद. म्हणून तिने मुख्य अर्जदार व्हावं आणि बंड्याने तिच्याबरोबर जावं, एवढंच मी म्हणालो. त्यावर आपण म्हणालात, "मास्तर, माझा मुलगा काय बायकोच्या पर्सला लटकून जाणार?"

राग समजू शकतो. फक्त एक गोष्ट नम्रपणे लक्षात आणून देतो. त्या दिवशी आपण दातओठ खाल्लेत, त्यातले वरचे चौदाच्या चौदा दात चिमीने घडवलेले आहेत. ओठ तेवढे आपले.

कळावे, आणि शक्य झाल्यास पटावे.

चिमीचा बाबा

&nbsp;

१९ जून

मास्तर,

तुमचं पत्र संपवायला मला दोन चहा लागले. साधं लिहा ना, की मुलीला पुढे काढायचंय आणि माझ्या मुलाला मागे.

फॉर्म मीही बघितला. बंड्याच्या नावापुढे 'अवलंबित' असं छापून येणार. अवलंबित! तो चौदाव्या मजल्यावर शाफ्टमध्ये उभा राहून दोर बदलतो. खाली अख्खी बिल्डिंग माना वर करून त्याची वाट बघत असते. तुम्ही तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंत, तुमची वाट कोणी बघितली? घंटेची बघत असतील.

किनाऱ्याला आपली माणसं आहेत. माझ्या चुलत्यांकडची, बायकोच्या माहेरची, आमच्या वर्कशॉपमधून गेलेले दोघं. बारा घरं होतात मोजली तर. उतरल्या दिवशी गाडी दारात उभी राहील. पठारावर कोण आहे? तुमची धातुरूपं? माणूस घराबाहेर धाडायचा तर तिकडे आपलं कोण, हे आधी बघायचं, ही आमच्या घरची रीत आहे. बेवारशासारखं कुणाला पाठवत नाही आम्ही.

आणि कवळीचं म्हणाल तर डावीकडे टोचते. सूनबाईला मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

बंड्याचे वडील

&nbsp;

८ जुलै

व्याहीबुवांस नमस्कार.

आनंदाची वार्ता आपल्याला घरातच मिळाली असेल, तरी रीतसर कळवतो. पठाराकडे अर्ज गेला. चिमी मुख्य अर्जदार. जावईबापूंनी आपल्या रकान्यात सही केली. कुणी त्यांचा हात धरला नव्हता. उलट सही करताना ते म्हणाले, "बाबांना तुम्हीच सांगा, मला दोन्हीकडून ऐकायचा कंटाळा आलाय." तेव्हा सांगतो आहे.

फॉर्म मी स्वतः ओळीने तपासला. एकोणतीस रकाने. त्यातला पाचवा मोठा लबाड होता: इतर प्रांतांत जवळचे नातेवाईक आहेत काय? असतील तर गुण कमी, कारण अशी माणसं आज ना उद्या तिकडे पळतात, असा या लोकांचा अनुभव. 'जवळचे' म्हणजे कोण याची यादी मागच्या पानावर आहे. आईवडील, भावंडं, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी. आपली बारा घरं चुलतचुलत असल्याने त्यांचा उल्लेख करावा लागला नाही. रकान्यात 'कोणी नाही' असं लिहायला सांगून मोकळा झालो.

कार्यालयाचा पत्रव्यवहार माझ्या पत्त्यावर ठेवला आहे. पोरांनी दिवसभर राबावं की टपालाची वाट बघावी? काही आलं तर मी पाहीन, आणि कळवण्याजोगं असेल ते कळवीन.

कवळी टोचते हे चिमीला सांगितलेलं नाही. गुपित राखण्यात माझा हात धरणारा अजून भेटायचा आहे.

चिमीचा बाबा

&nbsp;

२ सप्टेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार वगैरे राहू दे. आपण काय करून बसलात?

पठाराच्या कार्यालयाने विचारणा केली आहे. अर्जदाराच्या सासऱ्यांचं एक शिफारसपत्र त्यांना मिळालं म्हणे. कुणी मागितलं होतं? त्यातला उतारा त्यांनी जसाच्या तसा दिला आहे. तो असा: "मुलं एकटी पडतील ही काळजी आपण करू नये. आपली थंडी मानवली नाही, तर किनाऱ्याला आमची बारा घरं आहेत, ती त्यांना हसत ठेवून घेतील."

वा! ज्या लोकांना एकच भीती आहे, की माणसं किनाऱ्याला पळतील, त्यांना आपण पळण्याचा नकाशा काढून दिलात, वर मुक्कामाची सोयही सांगितलीत. आता कार्यालय म्हणतं, तीस दिवसांत समाधानकारक खुलासा करा, नाहीतर अर्ज निकाली काढू. त्यानंतर नऊ नोव्हेंबर काय दूर आहे?

चिमीने दोन महिने सुट्टीचे दिवससुद्धा लॅबमध्ये काढले, अनुभवाचे दाखले पुरे करायला. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं आपल्याला रोज दिसत असतील. एकाच घरात राहता. आपल्याला हा अर्ज मोडायचाच होता, तर खुर्ची ढकललीत तसा उघडपणे मोडायचा. शिफारसीचा सदरा कशाला घातलात?

आता कृपा करून एवढंच करा. त्या कार्यालयाला पुन्हा काही लिहू नका. दौत, पेन, वर्कशॉपचा कारकून, सगळं कुलपात ठेवा.

चिमीचा बाबा

&nbsp;

५ सप्टेंबर

मास्तर,

होय, लिहिलं मी. कारकुनाकडून त्यांच्या भाषेत करून घेतलं आणि पाठवलं. पोरांनी सह्या केल्या, मग म्हटलं सूनबाई मुख्य तर सूनबाई मुख्य. आता जातायत तर आपल्या बाजूने शब्द टाकावा. ही काही रस्त्यावरची माणसं नाहीत, यांच्यामागे घरं आहेत, हे समोरच्याला कळायला नको? त्यांचा नियम उलटा असेल हे मला काय ठाऊक? तुम्ही पाचव्या रकान्याचं लिहिलंत तोवर माझं पत्र जाऊन आठवडा झाला होता. तेव्हा जीभ चावली, पण तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही त्यावर चार पानं लिहिली असतीत.

आता तुमचं. त्या पत्राची प्रत माझ्या फाइलला आहे. बारा घरांची ओळ तुम्ही मला वाचून दाखवलीत. तिच्या खालची का गाळलीत? "शिवाय सुनेचे सख्खे काका तिथेच ब्रेडच्या कारखान्यात कामाला आहेत." ही.

आठ वर्षांपूर्वी लग्नात तुमचा धाकटा भाऊ माझ्या शेजारी बसून जेवला, मास्तर. दोन तास मला मैदा कसा मळतात ते सांगत होता. बोलता बोलता तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "दादाने मला वाढवलं." तो यादीतला सख्खा काका नाही? मग 'कोणी नाही' कुणी लिहायला लावलं? कार्यालयाला माझी बारा घरं खुपली नसतील. पत्रात एक आणि फॉर्मात दुसरंच, हे खुपलं असेल. मी अडाणीपणाने खरं लिहिलं, तुम्ही विद्वत्तेने खोटं.

काल जेवताना मी सूनबाईला विचारलं, की खुलाशाचं काय करणार? तिचा घास हातात राहिला. तिला काहीच माहीत नव्हतं! बंड्याने तिथल्या तिथे कार्यालयाला फोन लावला. ते पत्र तुमच्याकडे येऊन सोळा दिवस झालेत.

सोळा दिवस काय करत होतात? शब्द जुळवत होतात?

बंड्याचे वडील

&nbsp;

६ सप्टेंबर

बाबा,

कार्यालयाला कळवून पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घेतला आहे. यापुढे त्यांचं काही आलं तर माझ्याकडे येईल.

त्यांच्या बाईंशी आज बोलले. खोट्या माहितीसाठी अर्ज तिथल्या तिथे रद्द करता आला असता, असं त्या म्हणाल्या. मी माझी चूक कबूल केली, कारण सही माझी आहे. त्यांनी एक संधी दिली आहे. काकाने स्वतः वकिलासमोर लिहून द्यायचं, की तो माझा कोण, आमचा संबंध कितपत आहे आणि त्याने आम्हाला तिकडे बोलावलं आहे का. ते चौदा दिवसांत पोचलं पाहिजे, नाहीतर संपलं.

काकाचा पत्ता फक्त तुमच्याकडे आहे. फॉर्म भरताना मी विचारलं होतं, "काकाचं काय लिहू?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तो नाहीच असं समज." मी समजले. मला वाटलं, तुमच्या मनाला लागलं असेल, कशाला खपली काढा. आजीच्या शेवटच्या दिवसांत काका आला नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. खरं काय ते मला माहीत नाही. आता विचारत नाही.

आजच लिहा, कुरियरने धाडा. वळणं घेऊ नका. कार्यालयाच्या पत्राची प्रत जोडा.

सासऱ्यांची कवळी काल घासून दिली. डावीकडे टोचत होती म्हणे, तीन महिने. तुम्हाला माहीत होतं म्हणे.

चिमी

&nbsp;

७ सप्टेंबर

धाकट्या भावास,

सहा वर्षांनी अक्षर पाहून दचकू नकोस. अक्षर तेच आहे, थोडं झुकलं आहे, बाकी शरीराप्रमाणे.

प्रसंगच तसा आहे. चिमी आणि जावई तुझ्याच देशात यायचं म्हणतात. तुझ्याकडे नव्हे, पठाराला. (तुझ्याकडे आली असती तर तुला त्रास, तिला संकोच, असा विचार मी केला होता.) फॉर्ममध्ये नातेवाइकांबद्दल विचारलं होतं. आपलं बोलणं नसल्याने मी तुझा उल्लेख टाळायला सांगितला. तो आता अंगाशी आला आहे. सोबतची प्रत वाचलीस की कळेल. तुझं वकिलासमोरचं निवेदन वीस तारखेच्या आत तिकडे पोचायला हवं. पोरीची अकरा वर्षांची मेहनत त्यावर अडली आहे.

जुन्या गोष्टींबद्दल एवढंच म्हणेन, की तेव्हा तुझं परमिट नूतनीकरणाला गेलं होतं. आईचं दुखणं तुला कळवलं असतं, तर तू हातातलं सगळं टाकून आला असतास आणि परत जाऊ शकला नसतास. मी मोठा भाऊ म्हणून तुझ्या हिताचं पाहिलं. तुला ते तसं वाटलं नाही, हा विचारांतला फरक. आपल्याकडे एकाच ग्रंथावर सात भाष्यं असतात आणि भाष्यकार एकमेकांची तोंडं पाहत नाहीत. तसं आपलं झालं, असं समजून सोडून द्यावं.

उत्तर लवकर धाड. मैद्याचे हात धुऊन.

दादा

&nbsp;

१५ सप्टेंबर

दादा,

निवेदन सोबत आहे. मूळ प्रत कार्यालयाला परस्पर गेली, परवाच पोचली. चिमीचं अडणार नाही.

वकीलबाईंनी विचारलं, शेवटचा संपर्क कधी? मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी. त्यांनी विचारलं, कारण? त्यासाठी कागदावर चार ओळींची जागा होती. मी अर्धी भरली: 'मोठ्या भावाने आईचा मृत्यू होईपर्यंत आजार लपवला.' त्या म्हणाल्या, पुरेसं आहे.

विचारांतला फरक म्हणतोस? तीन महिने मी दर रविवारी फोन करत होतो आणि तू म्हणत होतास, आई झोपली आहे. एकदा मागून खोकल्याचा आवाज आला. तू म्हणालास, रेडिओ आहे. मी इथे भट्टीसमोर उभा राहून स्वतःची समजूत घालायचो, की म्हातारं माणूस आहे, झोप लागते. पुढे लोकांना सांगितलंस, धाकटा आला नाही. आला नाही! मला कळलं, तेव्हा सगळं उरकून नऊ दिवस झाले होते.

ते परमिट मिळालं. ड्रॉवरमध्ये असतं. त्याचा फोटो पाठवू का तुला?

निवेदनात लिहिलंय, की ही माझी सख्खी पुतणी आहे, तिच्या घराशी माझा कसलाही संबंध उरलेला नाही, मी त्यांना बोलावलेलं नाही आणि तीन वर्षं बोलावणार नाही. तू भीत होतास, मी सूड म्हणून काहीबाही लिहीन. गरजच पडली नाही. त्यांना आपलं घर तुटलेलं असल्याची खात्री हवी होती. मला त्यासाठी एक शब्दही खोटा लिहावा लागला नाही.

पठाराहून इथवर बसने अकरा तास लागतात. तीन वर्षं तिने यायचं नाही, मी जायचं नाही. सही केली आहे, पाळीन. त्यानंतरचं ती आणि मी बघू.

तुझ्या पत्राची आणि माझ्या या उत्तराची प्रत चिमीला थेट पाठवली आहे. तिच्या सासरचा पत्ता कार्यालयाच्या कागदावर होता. तिला काय सांगायचं आणि काय नाही, हे तू ठरवू नयेस म्हणून.

तुझा कोण ते तूच लिही.

&nbsp;

१० फेब्रुवारी

मास्तर,

लिहिणार नव्हतो. पण काल बंड्या म्हणाला, की तुम्हाला अजून काहीच कळवलेलं नाही. म्हटलं, हे काही खरं नाही.

सूनबाईची निवड झाली. पत्र तीन नोव्हेंबरलाच आलं, तिच्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी. मागच्या आठवड्यात दोघांचे व्हिसाही लागले. पठारावरच्या एका लॅबने तिला बोलावलंय. बंड्या म्हणतो, तिकडे सगळी मिळून चाळीस लिफ्ट आहेत, सगळ्या जुन्या, काम मिळेल. अवलंबित म्हणून जातोय आणि तोंडभर हसतोय.

निवडपत्रात एक ओळ आहे. काकांच्या निवेदनावरून कुटुंबात संबंध उरलेला नसल्याबद्दल कार्यालयाचं समाधान झालं आहे. सूनबाईने ती मोठ्याने वाचली आणि आत निघून गेली.

मलाही एक कागद द्यायला लावला होता. बारा घरांचा. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. त्या बारांतल्या एकानेही चार वर्षांत माझा फोन उचललेला नाही, असं लिहून दिलं. तिने मान वर केली नाही, हा तिचा मोठेपणा. हे तुम्हाला मीच सांगून टाकतोय, कारण दुसरीकडून कळलं तर तुम्ही त्यावर काहीतरी सुंदर लिहाल आणि मग मला राग येईल.

सूनबाईच्या नावाची तुमची तीन पाकिटं आलेली आहेत. टीव्हीच्या कपाटावर पडली आहेत, फोडलेली नाहीत. फार जाड आहेत हो.

विमान एकवीस तारखेला दुपारी दोनचं. आमच्या गाडीत एक जागा आहे. ती माझ्या हातात नाही. सूनबाईला विचारा. एका श्वासात वाचून होईल असं विचारा, पोस्टकार्डावर. म्हणजे फोडायचा प्रश्नच नाही.

मी तुमची बाजू घेतलेली नाही, हे लक्षात असू द्या.

बंड्याचे वडील

&nbsp;

१२ फेब्रुवारी

चिमी,

एकवीस तारखेला मी येऊ का?

नको असेल तर तसं लिही.

बाबा